रक्तपरीक्षेचा कागद

लाल शाई ही शिक्षकाच्या हातातील मोठी सत्ता होय. गेली वीस वर्षे मी गणित व विज्ञान हे विषय शिकवीत आलो आहे. या अवधीत किती वह्यांवर, किती उत्तरपत्रिकांवर व किती प्रगतिपुस्तकांवर मी लाल खुणा केल्या असतील, याचा हिशेब मजजवळ नाही. उत्तरपत्रिका हाती पडताच मुलाची दृष्टी बरोबर आलेल्या उदाहरणांकडे न जाता प्रथम त्या लाल खुणेकडे जाते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. त्या वेळी त्याच्या मनात काय चालत असेल याची मला खरी कल्पना मात्र नव्हती. ती यावी असा योग मागील वर्षी आला. त्या वेळी माझ्याच नावाचा एक कागद माझ्या हाती आला, आणि त्यावर मजसाठी तीन खुणा केलेल्या होत्या.

मागील वर्षीच्या डिसेंबर महिन्यात शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षक व विद्यार्थी यांच्यात रस्सीखेचीचा सामना झाला. चाळिशी उलटलेल्या मनुष्याने दहावीच्या मुलांशी बळ अजमावू नये, हे शहाणपण मला तीन डाव ओढून झाल्यावर सुचले. दुसऱ्याच दिवशी सकाळी रक्त तपासून घेण्याचे आधी ठरलेले होते. वय वाढले, एकदा तपासणी करून घ्या, असा पत्नीचा कित्येक महिन्यांचा आग्रह होता. उपाशीपोटी जाऊन मी रक्त देऊन आलो. शीर सापडेना म्हणून तेथील तरुणाने तीन वेळा सुई टोचली, एवढेच काय ते त्या वेळी लक्षात राहिले.

अहवाल त्याच रात्री मोबाइलवर आला. चाळीसच्या वर आकडे, प्रत्येकाच्या समोर त्याची मर्यादा, आणि तीन आकड्यांच्या शेजारी ठळक चांदणीची खूण. पोटॅशियम ५.८, मर्यादा ५.१ पर्यंत. एसजीओटी ७१, मर्यादा ४० पर्यंत. उपाशीपोटीची साखर १०८. मर्यादा ९९ पर्यंत. साखरेच्या आकड्याकडे मी पुनः पाहिलेही नाही, कारण तो मर्यादेच्या अगदी लगत होता. माझे डोळे खिळले ते एसजीओटीवर. मी दहावीत असताना माझे वडील यकृताच्या विकाराने वारले. त्यांच्या उशाशी पडून असलेल्या कागदांवर हीच अक्षरे मी तेव्हा वाचली होती, आणि त्यांचा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता. त्या रात्री मी मोबाइलवरच एकेका शब्दाचा अर्थ शोधीत बसलो. जे जे वाचावे ते ते मलाच लागू आहे असे वाटू लागले. शेजारच्या खोलीत मुले झोपली होती. त्यांच्या शिक्षणाची अजून किती वर्षे राहिली आहेत, याची बेरीज मी दोनदा केली. पहाटेपर्यंत मी मनाने माझ्या वडिलांच्या जागी जाऊन निजलो होतो.

सकाळी आमच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. ते वृद्ध आहेत व मला अजून "मास्तर" म्हणतात. कागद पाहण्यापूर्वी त्यांनी मला पाहिले. डोळे, जीभ, पोट, नाडी, रक्तदाब. मग कागद हाती घेऊन विचारले, "मास्तर, रक्त देण्याआधी एकदोन दिवसांत काही अंगमेहनत केलीत काय?"

मी ओशाळून रस्सीखेचीची हकीकत सांगितली. ते हसले. एसजीओटी हे द्रव्य केवळ यकृतात असते असे नाही, ते स्नायूंतही असते. सवय नसता अतिश्रम केले म्हणजे स्नायूंतील पेशींना इजा होऊन ते रक्तात उतरते, आणि काही दिवस त्याचा आकडा चढलेला राहतो. यकृताशी अधिक निगडित असलेला एसजीपीटीचा आकडा माझ्या कागदावर मर्यादेच्या आत होता, हे त्यांनी बोट ठेवून दाखविले. मी रात्रभर एका ओळीकडे पाहत होतो. तिच्या खालच्याच ओळीत उत्तर होते.

पोटॅशियमच्या बाबतीत मात्र ते हसले नाहीत. रक्तातील पोटॅशियम खरोखरीच वाढलेले असेल तर हृदयाची लय बिघडू शकते. यास्तव तो आकडा दुसऱ्या दिवसावर टाकावयाचा नसतो. त्यांनी लगेच हृदयाचा आलेख काढला व पुनः रक्त घेऊन त्याच सकाळी तपासावयास पाठविले. दोन तासांनी उत्तर आले : ४.४. सुई अनेकदा टोचावी लागली, रक्त कष्टाने ओढावे लागले, किंवा नमुना वाटेत जोराने हलला, म्हणजे तांबड्या पेशी फुटतात. पोटॅशियमचा मोठा साठा पेशींच्या आतच असल्यामुळे तो बाहेर सांडतो व आकडा फुगतो. अर्थात तो आकडा माझ्या शरीराचा नव्हता, नळीचा होता. परंतु तो खोटा आहे हे पुनः तपासूनच ठरवावयाचे असते, आपल्या सोयीने ठरवावयाचे नसते, हे त्यांनी मला बजावून सांगितले.

"आता राहिली ही तिसरी चांदणी," ते म्हणाले, "हिच्याविषयी तुम्ही काहीच विचारले नाही."

मी म्हणालो, "ती तर थोडक्यात हुकली आहे."

"तीच खरी आहे," डॉक्टर म्हणाले.

उपाशीपोटीची साखर १०० पासून १२५ पर्यंत असेल तर तो मधुमेह नव्हे, परंतु ती मधुमेहाच्या वाटेवरची पायरी होय. १२६ अथवा त्याहून अधिक आकडा दोनदा आला म्हणजे मधुमेह ठरतो. खातरजमा करण्यासाठी त्यांनी एचबीएवनसी नावाची दुसरी परीक्षा करविली. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि त्या काळात रक्तात जितकी साखर असेल तिच्या मानाने त्या पेशीतील हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. यामुळे या परीक्षेवरून मागील दोनतीन महिन्यांची सरासरी कळते. एका दिवसाच्या परीक्षेवरून गुण न देता संपूर्ण सत्राचे काम पाहून गुण द्यावे, तशातला हा प्रकार आहे. ५.७ पासून ६.४ पर्यंत धोक्याची सूचना व ६.५ पासून पुढे मधुमेह, असा नियम आहे. माझा आकडा ६.० आला. ज्या चांदणीने माझी झोप उडविली ती पंधरा दिवसांनी पुनः तपासता ३१ वर उतरून नाहीशी झाली, आणि जिच्याकडे मी पाहिलेही नाही तिने मला चहातील साखर सोडावयास व रोज अर्धा तास भरभर चालावयास लावले. आज माझा आकडा ५.८ आहे. वाट पूर्ण परतलो असे म्हणता येत नाही. परंतु तोंड फिरविले आहे.

त्या दिवशी डॉक्टरांनी मला आणखी एक गोष्ट विचारली, आणि ती गणिताच्या शिक्षकास लाज आणणारी होती. "ही मर्यादा कशी ठरवितात, ठाऊक आहे काय?" निरोगी म्हणून निवडलेल्या पुष्कळ माणसांचे, निदान १२० जणांचे तरी, रक्त तपासतात. आलेले आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडतात. खालचे शेकडा अडीच व वरचे शेकडा अडीच सोडून मधले जे शेकडा ९५ उरतात त्यांच्या दोन टोकांना मर्यादा म्हणतात. आता पाहा, जे शेकडा ५ सोडले तेही निरोगीच होते! म्हणजे कोणत्याही एका परीक्षेत वीस निरोगी माणसांपैकी एकाच्या नावापुढे चांदणी पडावी, अशीच ही रचना आहे. मग एकाच निरोगी माणसाच्या वीस परीक्षा केल्या तर? त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असे धरल्यास, सर्व वीस आकडे मर्यादेत पडण्याची शक्यता म्हणजे ०.९५ चा विसावा घात. तो सुमारे ०.३६ येतो. शंभर निरोगी माणसांपैकी सुमारे ६४ जणांच्या कागदावर एक तरी चांदणी दिसेल! शरीरातील आकडे परस्परांशी निगडित असल्यामुळे प्रत्यक्षात प्रमाण नेमके इतकेच येईल असे नाही; तरी मुद्दा तोच राहतो. संभाव्यतेचे हे उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर फासे व पत्ते घेऊन सोडवून दाखवितो. माझ्यावर वेळ आली तेव्हा मला ते आठवले नाही.

येथवरचा वृत्तांत वाचून कोणास वाटेल की, चांदण्यांना भिऊ नये एवढेच मला सांगावयाचे आहे. तसे असते तर हा लेख मी लिहिला नसता. डॉक्टरांच्या घरून परत येताना मला दुसऱ्या एका कागदाची आठवण झाली व माझे पाऊल जड झाले.

आमच्या आठवीच्या वर्गात त्या वर्षी एक मुलगी होती. मधल्या सुटीनंतरच्या तासाला ती हटकून पेंगत असे. जिना चढून आली की दम लागून बाकावर बसून राही. फळ्याजवळ पडलेले खडूचे तुकडे ती गुपचूप तोंडात टाकते, अशी तक्रार इतर मुलींनी आणली, तेव्हा मी तिला सर्व वर्गासमक्ष रागे भरलो. पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात मी लाल शाईने शेरा लिहिला : "वर्गात लक्ष नाही. आळस सोडावा." त्यापूर्वी ऑगस्टमध्ये तिची आई एक कागद घेऊन शाळेत आली होती. आरोग्यतपासणीत मुलीचे रक्त तपासले होते. "सर, हा कागद इंग्रजीत आहे. जरा वाचून सांगता का?" असे ती भीतभीत म्हणाली. मी उभ्याउभ्याच कागदावरून नजर फिरविली. हिमोग्लोबिन ७.६. "अशक्तपणा आहे. पालेभाजी खाऊ द्या," असे सांगून मी तासाला निघून गेलो. त्या बाईने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. शिक्षकाने कागद वाचला आणि काळजीचे काही सांगितले नाही, यापलीकडे तिला आणखी कोणते प्रमाणपत्र हवे होते?

बारा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर त्यास पंडुरोग म्हणावे व ८ च्या खाली असेल तर तो तीव्र समजावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मान आहे. माझ्या विद्यार्थिनीचा आकडा ७.६ होता. माझा एसजीओटी मर्यादेबाहेर गेला तेव्हा मी रात्रभर जागलो, आणि दुसऱ्याच्या मुलीचा आकडा इतका खाली गेला असता मी अर्धे मिनिटही थांबलो नाही.

त्याच आठवड्यात मी तिच्या आईस निरोप पाठविला, आणि तिघे मिळून सरकारी रुग्णालयात गेलो. तेथील डॉक्टरीण बाईंनी मुलीस विचारले, "बाळ, तुला माती, खडू, पाटीवरची पेन्सिल असे काही खावेसे वाटते का?" मुलीने माझ्याकडे पाहिले व मान खाली घातली. तेव्हा बाईंनी समजावून सांगितले की, लोहाची उणीव झालेल्या कित्येकांना असे पदार्थ खाण्याची इच्छा होते. तो हट्ट नसून लक्षण असते. पेंगणे, धाप लागणे, खडू खाणे या तिन्ही गोष्टी रोज माझ्या डोळ्यांसमोर होत होत्या. मी त्यांची बेरीज आळस अशी केली होती.

याच वेळी हिमोग्लोबिनचा एकटा आकडा पुरेसा नसतो, हेही मला कळले. रक्त उणे का, हे पेशींच्या आकारावरून शोधावे लागते. लोह कमी पडले म्हणजे तांबड्या पेशी लहान व फिकट होतात; फोलेट अथवा ब१२ हे जीवनसत्त्व कमी पडले म्हणजे त्या आकाराने मोठ्या होतात. या शोधाचा एक महत्त्वाचा भाग आपल्या मुंबईतच घडला आहे. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण बाई मुंबईस आल्या व कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करू लागल्या. त्या स्त्रियांच्या रक्तातील पेशी मोठ्या होत्या. त्यांच्या आहारातच काही उणीव असावी असे धरून विल्सबाईंनी शोध चालविला, आणि यीस्टच्या अर्काने हा विकार बरा होतो असे १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फोलेट, हे पुढे ठरले. आज गरोदर स्त्रियांना लोहाबरोबर फोलिक अॅसिडही देतात, त्यामागे मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांचे रक्त आहे. त्या बाईंनी हिमोग्लोबिनच्या उण्या आकड्यावर अशक्तपणा हा शिक्का मारून कागद मिटला असता तर?

पेशी लहान असूनही लोह पुरेसे असते, असा तिसरा प्रकारही आहे. तो थॅलसेमियाच्या वाहकांचा. वाहक मनुष्य बहुधा निरोगीच असतो व त्यास वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या देऊनही आकडा हलत नाही. परंतु आई व वडील दोघेही वाहक असतील तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास तीव्र थॅलसेमिया होण्याचा संभव चारात एक असतो, आणि अशा मुलास जन्मभर रक्त चढवीत राहावे लागते. यासाठी लोह देऊनही हिमोग्लोबिन चढत नसेल तर नुसत्या गोळ्या चालू न ठेवता हिमोग्लोबिनच्या प्रकारांची परीक्षा करावी लागते.

आमच्या मुलीची उणीव लोहाचीच ठरली. वाढीचे वय, मासिक पाळी, कडधान्ये व पालेभाजी यांचा अभाव आणि पोटातील जंत, अशी चारही कारणे थोडीथोडी एकत्र आली होती. जंतांचे औषध व लोहाच्या गोळ्या मिळाल्या. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहामुळे लोह शोषले जात नाही. लिंबाच्या सरबताबरोबर घेतल्यास चांगले, असेही बाईंनी सांगितले. एक महिन्यात आकडा ९ च्या वर गेला, तीन महिन्यांत १२ वर पोचला. त्यानंतरही शरीरातील साठा भरून यावा म्हणून आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागल्या. आकडा सुधारला की औषध बंद करणे, हीदेखील कागद अर्धवट वाचण्याचीच एक रीत आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांना सोमवारी शाळेत निळी गोळी मिळते. खिडकीतून बाहेर पडलेल्या त्या गोळ्या मी अंगणात पाहिल्या आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींना पंडुरोग आढळला. ती गोळी कोणासाठी आहे हे यावरून समजावे.

आणि पालकहो, आपणांस माझी एवढीच विनंती आहे. रक्तपरीक्षेचा कागद हाती आला म्हणजे तो एकट्याने रात्री वाचू नये, आणि वाचून पेटीतही ठेवू नये. तो घेऊन डॉक्टरांकडे जावे व न संकोचता विचारावे : हा आकडा मर्यादेबाहेर किती गेला आहे? मागच्या वेळी किती होता? तपासणीआधी झालेला ताप, श्रम, उपवास, अथवा चालू असलेले औषध यांमुळे तो बदलला असेल काय? त्याच्या जोडीचे दुसरे आकडे काय म्हणतात? पुनः तपासावे काय, व केव्हा? जुने कागद फेकू नयेत. आजचा एक आकडा जे सांगत नाही ते तीन वर्षांचे तीन आकडे सांगतात. प्रयोगशाळा बदलली तर मर्यादाही थोडीफार बदलते. पुरुष, स्त्री, गरोदर स्त्री व बालक यांच्या मर्यादा निरनिराळ्या असतात. तसेच कागदावर एकही चांदणी नाही, परंतु मूल सुकत चालले आहे, ताप हटत नाही, वजन उतरत आहे, अशा वेळी कोऱ्या कागदावर विसंबू नये. कागद मनुष्यासाठी आहे. डॉक्टरांनी आधी माझी जीभ पाहिली व मग कागद पाहिला, त्याचे कारण हेच होते.

ती मुलगी आता नववीत आहे. दुपारच्या तासाला ती जागी असते. इतकेच नव्हे, तर शेजारणीशी बोलतेही, आणि त्याबद्दल मला तिला अधूनमधून दटावावे लागते. वार्षिक परीक्षेनंतर तिचे प्रगतिपुस्तक माझ्यासमोर आले तेव्हा पहिल्या सत्राचा माझा शेरा तेथे तसाच होता. तो मी खोडला नाही. त्याखाली लाल शाईनेच लिहिले : "वरील शेरा चुकीचा होता. विद्यार्थिनी आजारी होती. शिक्षकाचे लक्ष नव्हते." खाली सही केली, आणि पालकांच्या सहीसाठी पुस्तक घरी पाठविले.